डोंगरात दोघंच जाताय? निघण्याआधी एक करार करा



जून उजाडला की आपल्या उपनगरांतली ट्रेकर मंडळी सह्याद्रीतल्या निसरड्या वाटा सोडून लडाखकडे बघू लागतात. तिकडचा हंगाम जून ते सप्टेंबर. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर इथली काही जोडपी आता ग्रुपबरोबर न जाता दोघंच सॅक पाठीवर टाकून निघतात. हेमिस राष्ट्रीय उद्यानातलं मार्खाचं खोरं त्यांच्या विशेष आवडीचं आहे. तिथल्या गावांत घरगुती मुक्काम मिळतो, त्यामुळे तंबू-शिध्याचं ओझं कमी होतं.

दवाखान्यात येऊन ही जोडपी पहिल्यांदा विचारतात, "डॉक्टर, डायमॉक्स किती घ्यायची?" त्याचं उत्तर पुढे दिलं आहे. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट आधी सांगते. दोघांच्या ट्रेकमध्ये लीडर नसतो आणि तिसरं माणूसही नसतं. एकाला त्रास झाला तर दुसऱ्यानेच तो ओळखायचा आणि निर्णयही त्यानेच घ्यायचा. उंचीचा आजार बळावला की विचारशक्ती मंदावते आणि ज्याला त्रास होतोय तोच "मला काही झालेलं नाही" असं ठासून सांगतो. म्हणून कधी मागे फिरायचं, हे घरी असतानाच ठरवायला हवं.

दमसास वेगळा, उंची वेगळी

लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. प्राणवायूचं हवेतलं प्रमाण तिथेही २१ टक्केच असतं, पण हवेचा दाब कमी असल्याने प्रत्येक श्वासातून मुंबईच्या साधारण दोन तृतीयांशच प्राणवायू मिळतो. मार्खा ट्रेकवरची कोंगमारू ला ही खिंड सुमारे ५,२०० मीटरवर आहे. तिथे तो निम्म्याहून थोडासाच जास्त असतो. विमान आपल्याला काही तासांत समुद्रसपाटीवरून लेहला नेऊन सोडतं, पण त्या हवेला सरावायला शरीराला काही दिवस लागतात.

"आम्ही कळसूबाई न थांबता चढतो" असं अनेक जण सांगतात. कौतुक आहेच. पण कळसूबाई १,६४६ मीटर आणि उंचीचा त्रास सुरू होतो साधारण २,५०० मीटरच्या पुढे. त्यामुळे तुमचं शरीर विरळ हवेत कसं वागेल, हे सह्याद्रीतून कळत नाही. १९६२ च्या युद्धानंतर आपले जवान मोठ्या संख्येने हिमालयातल्या उंच ठाण्यांवर जाऊ लागले आणि त्यांतले अनेक आजारी पडले. लष्करी डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १,९२५ जवानांचा अभ्यास १९६९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध केला. हे सगळे तरुण आणि कसलेले सैनिक होते. कमावलेलं शरीर उंचीच्या आजारापासून वाचवत नाही. उलट दणकट माणूस भराभर चढतो आणि अडचणीत येतो.

निघण्यापूर्वी

तरीही तयारी हवीच, ती पाय, गुडघे आणि दमासाठी. निदान सहा ते आठ आठवडे आधी सुरुवात करा. बोरिवलीकरांना नॅशनल पार्कच्या दारापासून कान्हेरीपर्यंतचा रस्ता आहे. बाकीच्यांनी सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून इमारतीचे जिने चढावेत आणि उतरावेतही, कारण गुडघे उतारावर दुखावतात.

हृदयविकार, फुप्फुसाचा जुना आजार, रक्तदाब, मधुमेह किंवा रक्तक्षय असेल तर तपासणी केल्याशिवाय तिकीट काढू नका. मूळचं कुटुंब विदर्भातलं किंवा आदिवासी पट्ट्यातलं असेल, तर सिकलसेलची चाचणी करून घ्या. एरवी निरोगी असलेल्या वाहकालाही उंचीवर पोटात प्लीहेचा गंभीर त्रास होऊ शकतो. दिवस गेले असतील तर हा ट्रेक पुढे ढकला. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांशी बोला, कारण काही गोळ्यांमुळे रक्तात गुठळी होण्याचा धोका थोडा वाढतो.

आता डायमॉक्स, म्हणजेच अॅसिटाझोलामाइड. प्रतिबंधासाठी प्रौढांना सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा पुरते. गोळी २५० मिलिग्रॅमची असेल तर ती अर्धी करून घ्यायची. उंचीवर जाण्याच्या आदल्या दिवशी सुरू करतात. बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला वारंवार होते, त्याने घाबरू नका. सल्फा औषधांची अॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा आणि कोणत्याही परिस्थितीत चिठ्ठीशिवाय घेऊ नका. ही गोळी शरीराला सरावायला मदत करते. ती घेतली म्हणून भराभर चढायची मुभा मिळत नाही.

लेहमध्ये आणि पुढे

लेहला उतरल्यावर पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती घ्या, तिसराही मिळाला तर उत्तम. दारू आणि झोपेच्या गोळ्या वर्ज्य. तीन हजार मीटरच्या पुढे मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. दिवसा वर जाऊन रात्री खाली झोपलं तर चालतं. मार्खामध्ये हा नियम हमखास मोडतो तो हांकर गावानंतर. हांकर सुमारे ४,००० मीटरवर आणि निमालिंगचं कुरण ४,८०० च्या आसपास. एका दिवसात ही उडी मारू नका. मधे थाचुंगत्सेला एक रात्र काढा. नदी ओलांडायची असेल तर सकाळी ओलांडा, कारण दुपारी बर्फ वितळून पाणी वाढतं.

कोविडनंतर घरोघरी ऑक्सिमीटर आला. तो न्या, पण आकड्याने धास्तावू नका. लेहमध्ये धडधाकट माणसाचंही वाचन नव्वदच्या खाली जातं आणि गारठलेल्या बोटावर यंत्र चुकतं. आकड्यापेक्षा जोडीदाराकडे बघा. कापराची पुरचुंडी हुंगल्याने रक्तातला प्राणवायू वाढत नाही. प्राणवायूचा छोटा डबा काही मिनिटांत संपतो.

काय झालं तर काय करायचं

डोकेदुखी आणि तिच्या जोडीला मळमळ, चक्कर किंवा गळाठा, हा उंचीचा सौम्य त्रास. पॅरासिटामॉल घ्या, आहात तिथेच थांबा. लक्षणं पूर्ण जाईपर्यंत वर जायचं नाही. दिवसभरात बरं वाटलं नाही किंवा त्रास वाढला तर खाली उतरा.

दोन अवस्था जिवावर बेततात. पहिली मेंदूची सूज: असंबद्ध बोलणं, चालताना झोक जाणं. संशय आला की टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालायला सांगा. तोल गेला तर लगेच उतरा. दुसरी फुप्फुसात पाणी: बसल्या जागी धाप, कोरडा खोकला, निळसर ओठ, पुढे फेसाळ थुंकी. हा त्रास पुष्कळदा नव्या उंचीवरच्या दुसऱ्या रात्रीपासून सुरू होतो. सकाळची वाट पाहू नका. किमान ३०० ते १,००० मीटर खाली या आणि आजारी माणसाला एकट्याने चालायला लावू नका. डेक्सामेथासोन आणि निफेडिपिन ही आणीबाणीची औषधं कधी आणि किती घ्यायची, ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

खाली म्हणजे कुठे, हेही आधीच नकाशावर बघा. निमालिंगहून कोंगमारू ला ओलांडली की पलीकडे लांबलचक उतार आहे, पण त्याआधी सुमारे ४०० मीटर चढायचंय. आजारी माणसाला तिकडे नेऊ नका, आल्या वाटेने हांकरकडे फिरा. लेहमध्येच तब्येत बिघडली तर गाडीने सुटका नाही. मनालीचा रस्ता तांगलांग लावरून आणि श्रीनगरचा फोटू लावरून जातो, म्हणजे दोन्हीकडे वाटेत लेहहून उंच खिंड ओलांडावी लागते. अशा वेळी थेट सोनम नोरबू स्मारक रुग्णालय गाठा. मुंबईचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही. पोस्टपेड घ्या आणि तरीही खोऱ्यात फोन लागणार नाही असंच धरून चाला.

फक्त दोघांसाठी

रात्री जोडीदाराचा श्वास काही सेकंद थांबतो आणि मग जोरात सुरू होतो, हे ऐकून अनेकांची झोप उडते. उंचीवर झोपेत असं होतंच. दिवसा तब्येत ठीक असेल तर काळजी नको. आडोसा नाही म्हणून बायका पाणी कमी पितात, त्यातून डोकेदुखी आणि लघवीचा जंतुसंसर्ग होतो. ही अडचण संकोच न करता बोला आणि थांबे तसे ठरवा. वेग नेहमी दोघांतल्या सावकाश चालणाऱ्याचा. तंबूच्या आत स्टोव्ह कधीही पेटवू नका, त्याचा विषारी वायू झोपेतच जीव घेतो.

आता तो करार. एका कागदावर चार ओळी लिहा आणि दोघांनी सह्या करा. डोकं दुखलं तर लपवायचं नाही. रोज सकाळ-संध्याकाळ एकमेकांना लक्षणं विचारायची. आजारी माणसाचं "मी ठीक आहे" खरं धरायचं नाही. दोघांपैकी एकजण "उतरूया" म्हणाला की वाद न घालता उतरायचं.

जोडीदाराचा हिरमोड होईल, सुट्टी वाया जाईल, या प्रेमापोटीच माणसं त्रास लपवतात. परतीचं विमान परवाचं असेल तर हा करार पाळणं फार जड जातं. म्हणून आराखड्यात दोन दिवस जादा धरा आणि त्या दोन दिवसांची रजा तिकीट काढण्याआधीच मंजूर करून घ्या.