पाचवे शील एकट्याने पाळावे लागत नाही



माझ्या वर्गातील एक मुलगी बाजारच्या दुसऱ्या दिवशी हमखास गैरहजर असे. चौकशीला घरी गेलो तेव्हा तिची आई म्हणाली, "गुरुजी, यांनी दीक्षा घेतली, प्रतिज्ञा घेतली आणि महिन्यातच परत प्यायला लागले. आता कोणत्या तोंडाने विहारात येऊ?" तो गृहस्थ बाबासाहेबांच्या तसबिरीकडे पाहायलाही लाजत होता, आणि त्या लाजेपायीच आणखी पीत होता. आजचा पाठ अशा घरांसाठी आहे.

शील मोडले म्हणजे काय झाले?

बावीस प्रतिज्ञांतील सतरावी प्रतिज्ञा दारू न पिण्याची आहे. पंचशीलातील पाचवे शीलही तेच सांगते. परंतु शील ही कोणा देवाची आज्ञा नव्हे. ते आपण होऊन घेतलेले शिक्षापद होय. ते मोडले तर पुन्हा घ्यावयाचे असते. म्हणूनच प्रत्येक वंदनेत आपण पंचशील नव्याने ग्रहण करतो.

दुसरी गोष्ट. ज्याला व्यसन जडले आहे त्याची इच्छाशक्तीच दारूने पोखरलेली असते. नागपूरची दीक्षा झाली त्याच १९५६ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनने दारूच्या व्यसनाकडे आजार म्हणून पाहावे आणि रुग्णालयांनी अशा रुग्णांना दाखल करून घ्यावे, अशी भूमिका घेतली. आजाऱ्याला उपचार आणि सोबत लागते. नुसती निर्भर्त्सना करून भागत नाही.

सोबत कोठे मिळते?

१९३५ साली अमेरिकेत बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन व्यसनी माणसांनी एकमेकांच्या आधाराने दारू सोडली. त्यातून 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस', म्हणजे ए.ए., ही चळवळ उभी राहिली. ती १९५७ साली भारतात आली. तिच्या सभेला फी नाही आणि जात-धर्माची चौकशी नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. सभेत प्रत्येक जण आपला अनुभव सांगतो, आडनाव सांगण्याची गरज नसते, आणि ऐकलेले बाहेर बोलायचे नाही असा शिरस्ता असतो. जन्मभराची शपथ कोणी घालत नाही. आजचा दिवस प्यायचे नाही, एवढेच ठरवायचे.

पुण्यात येरवड्याला 'मुक्तांगण' आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ साली ते सुरू केले. तेथे दाखल करून उपचार होतात आणि व्यसनी माणसांच्या पत्नींसाठी 'सहचरी' गटही चालतो.

शिरूर-दौंडच्या माणसाने काय करावे?

१. १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा सरकारी क्रमांक आहे. फोनला पैसे पडत नाहीत. घरच्या माणसानेही विचारावे.

२. ए.ए.कडे सभांची जागा, वार व वेळ यांची यादी असते. ती मागून घ्यावी. मोबाईलवरही सभा भरतात.

३. शिरूरहून पुण्याला जाणारी एस.टी. येरवड्यावरूनच जाते आणि दौंडहून पुण्याला रेल्वे आहे. गावात ओळखीचे लोक पाहतील ही भीती ज्याला वाटते, त्याने पहिली सभा पुण्यात गाठावी.

४. गावात सभा हवी असेल तर दोन-तीन व्यसनी माणसे एकत्र आली तरी ए.ए.चा गट होऊ शकतो. विहार समितीने आठवड्यातून एक संध्याकाळ खोली द्यावी. मात्र गटाच्या कारभारात पडू नये.

एक इशारा ध्यानात ठेवा. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केल्यास हातपाय थरथरतात, फिट येऊ शकते, भास होतात, प्रसंगी जिवावर बेतते. त्याला कोंडून ठेवू नका. आधी सरकारी दवाखान्यातील डॉक्टरांना दाखवा.

पण तेथे देवाचे नाव घेतात ना?

हा प्रश्न आपल्या माणसांना पडतो, आणि तो रास्त आहे. ए.ए.च्या बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख आहे. परंतु ज्याने त्याने आपल्या समजुतीप्रमाणे अर्थ घ्यावा, अशी मोकळीक त्यांतच आहे. कित्येक सभासद आपल्या गटालाच आपल्याहून मोठी शक्ती मानतात. बौद्धाने तेथे संघाचा आधार मनात आणावा. आपली प्रतिज्ञा मोडत नाही. प्रार्थना म्हणावीशी वाटली नाही तर गप्प बसावे.

आनंद एकदा भगवान बुद्धांना म्हणाले की, कल्याणमित्रांची संगत म्हणजे अर्धे धम्मजीवन होय. भगवंतांनी ती समजूत दुरुस्त केली: अर्धे नव्हे, संपूर्ण. ज्या खोलीत दहा माणसे एकमेकांना आजचा दिवस सावरून धरतात, तेथे कल्याणमित्रच बसलेले असतात.

या पंधरवड्याचा गृहपाठ

आपल्या वस्तीत वंदनेला येईनासे झालेले घर कोणते? त्या घरी जा. उपदेश करू नका. "सभेला मी तुमच्याबरोबर येतो, दारापर्यंत," एवढेच म्हणा. आणि त्या घरच्या माउलीला सांगा की, विहाराचे दार तिच्यासाठी कधीच बंद झालेले नव्हते.