बारामती-इंदापूरच्या वाटेवरील आहारशास्त्र

खाण्याची आवड आणि प्रवासाची हौस या गोष्टी आहारशास्त्राच्या विद्यार्थ्याला अडसर ठरत नाहीत. उलट त्या त्याच्या अभ्यासाचे भांडवल होत. पुस्तकातील कोष्टक अन्नाचे घटक सांगते. परंतु ते अन्न कोणाच्या ताटात पडते आणि कोणाच्या पडत नाही, हे गावोगाव हिंडल्यावाचून उमगत नाही. पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर हे तालुके अशा अभ्यासास सोयीचे आहेत. जिराईत, बागाईत आणि जलाशयाकाठ असे तीन प्रदेश येथे एका दिवसाच्या प्रवासात पाहता येतात.

जिराईत पट्टा

मोरगाव-सुपे परिसर पर्जन्यछायेत येतो. बाजरी, रब्बी ज्वारी, मटकी व हुलगा ही येथील जुनी पिके. भाकरी, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा हे जेवण साधे दिसले तरी शास्त्रशुद्ध आहे. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने असतात. मात्र त्यांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते. कडधान्यात ते विपुल असल्याने दोहोंच्या संयोगाने एकाची उणीव दुसरे भरून काढते. बाजरीत लोहाचे प्रमाणही चांगले असते.

परंतु भाकरीसोबतची उसळ नाहीशी झाली, तर काय होते? दख्खनच्या पठारावर मुख्यतः ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरीब लोकांत पेलाग्रा हा विकार आढळे. ज्वारीतील ल्युसिनचे आधिक्य त्यास कारणीभूत असावे, असे प्रतिपादन डॉ. सी. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० साली केले. दोष ज्वारीचा नव्हे, एकसुरी आहाराचा होता. १९७२ च्या दुष्काळात कामांवरील मजुरांना सुकडी वाटावी लागली, ही आठवण महाराष्ट्रातील वडीलधाऱ्यांच्या तोंडी आजही आहे.

बागाईत पट्टा

नीरा डाव्या कालव्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून या भागाचे रूप पालटले. माळेगाव, भवानीनगर येथील सहकारी साखर कारखान्यांनी उसाला हमखास गिऱ्हाईक दिले आणि घरात पैसा आला. तथापि ज्या वावरात ऊस उभा राहतो, त्यात मटकी-हुलगा पिकत नाही; ते मग बाजारातून आणावे लागतात. साखरेबाबतही संयम हवा. दिवसभराच्या ऊर्जेपैकी १० टक्क्यांहून कमी ऊर्जा वरून घातलेल्या साखरेतून मिळावी, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली केली. २,००० उष्मांकांच्या आहारात हे प्रमाण सुमारे ५० ग्रॅम भरते. गूळही यात धरावा.

याच पट्ट्यात हंगामात ऊसतोडणी कामगारांच्या कोप्या उभ्या राहतात. पहाटे फडावर जाणारी स्त्री अंधारातच भाकरी थापते. तिच्या आहाराची नोंद घेतल्यावाचून बागाईत पट्ट्याचा अभ्यास पूर्ण होत नाही.

जलाशयाकाठ

१९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या फुगवट्याने भिगवण परिसरात मासेमारीचा व्यवसाय वाढला. कटला, रोहू, चिलापी येथील बाजारात येतात. हिवाळ्यात रोहित पक्षी पाहावयास येणारा प्रवासी या माशांचीही चव घेतो. माशातील प्रथिने उच्च प्रतीची असून लहान मासे काट्यासह खाल्ल्यास कॅल्शियमही मिळते.

ताटातील प्रश्न

कालवा, ऊस आणि मासळी असूनही पोषण आपोआप घडत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. मागील पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होते.

यावरील काही उपाय घरचेच आहेत. मटकीला मोड आणल्याने लोह शोषणास अडथळा करणारे फायटेट घटते. उसळीवर लिंबू पिळल्यास किंवा जेवणानंतर इंदापूरकडचा पेरू खाल्ल्यास ‘क’ जीवनसत्त्वामुळे लोह अधिक शोषले जाते. जेवणालगतचा चहा मात्र टाळावा. रक्तक्षय तीव्र असल्यास आरोग्य केंद्रातील उपचार अनिवार्य होत.

विद्यार्थ्याने प्रत्येक घरी अन्नाची चव अवश्य घ्यावी, पाककृती लिहून घ्यावी. आणि निघण्यापूर्वी एक प्रश्न आवर्जून विचारावा : या घरात शेवटी कोण जेवते, आणि त्या वेळी भांड्यात काय उरलेले असते? त्या उत्तरातच त्या घराच्या आरोग्याचे मर्म सापडते.