देहाचे महाद्वार

ज्या नगराचे महाद्वार अरक्षित असते, ते नगर फार काळ सुरक्षित राहत नाही. मुख हे आपल्या देहनगरीचे महाद्वार होय. अन्नपाणी याच वाटेने आत जाते आणि संधी मिळताच रोगही याच वाटेने शिरकाव करून घेतात.

हॉलंडमधील डेल्फ्ट या गावी अंतोनी वान लेव्हेनहूक नावाचा एक कापडाचा व्यापारी राहत असे. भिंगे घासून सूक्ष्मदर्शक बनविण्याचा त्याला मोठा नाद होता. इ. स. १६८३ मध्ये त्याने आपल्या दातांच्या फटीतील पांढरा मळ काढला, पावसाच्या पाण्यात कालवला आणि भिंगातून न्याहाळला. पाहतो तो काय! त्या कणभर मळात असंख्य चिमुकले जीव वळवळत होते! वास्तविक तो रोज सकाळी मिठाने दात घासत असे. ज्याने कधीच दात स्वच्छ केले नव्हते अशा एका वृद्धाच्या मुखात तर या जीवांची दाटीच दिसली. ही हकीकत त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळविली. त्या जीवांनाच आज आपण जीवाणू म्हणतो.

त्यांतील काही जीवाणू आपल्या खाण्यातील साखरेपासून आम्ल बनवितात. दाताचे कवच हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ. परंतु हे आम्ल त्यालाही झिजविते आणि दात किडतो. काही जीवाणू हिरड्यांच्या कडेला ठाण मांडतात. मग हिरड्या सुजतात, त्यांतून रक्त येते. जेथून रक्त बाहेर येते, तेथूनच जीवाणू रक्तात शिरतात. निरोगी शरीर या घुसखोरांचा बहुधा तत्काळ नायनाट करते. परंतु हृदयाची झडप आधीच दुखावलेली असेल, तर ते तेथे मूळ धरतात आणि प्रसंग प्राणावर बेततो. मधुमेहाचे नाते तर दुहेरी आहे. मधुमेहाने हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की रक्तातील साखर आटोक्यात राहणे कठीण होते.

आपल्याकडे कित्येक घरांत तंबाखू भाजून केलेली मिश्री दातांना लावतात. तिने दात स्वच्छ होतात हा भ्रम आहे. ती हिरड्यांची हानी करते आणि मुखाच्या कर्करोगाला आमंत्रण देते.

मुलांनो, दुधाचे वीस दात पडले, तरी निसर्ग पुन्हा दात देतो. तिसऱ्यांदा मात्र तो देत नाही! म्हणून सकाळी आणि रात्री निजण्यापूर्वी दात घासावेत, गोड खाल्ल्यावर चूळ भरावी. द्वारपाल जागा असेल, तरच नगरी सुखाने निद्रा घेते.

स्वाध्याय
१. मुखाला देहाचे महाद्वार का म्हटले आहे?
२. दात कसा किडतो, ते आपल्या शब्दांत लिहा.
३. 'ठाण मांडणे', 'प्राणावर बेतणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.