लक्षण, निदान आणि शिक्षकाची नोंद

प्राथमिक शाळेच्या कोणत्याही वर्गात असे एखाददुसरे मूल असतेच, की ज्याच्या वर्तनाचा उलगडा शिक्षकास चटकन होत नाही. एखादा मुलगा क्षणभरही जागेवर बसत नाही. एखादी मुलगी शाळा उघडल्यापासून दिवाळीपर्यंत वर्गात एक शब्द बोलत नाही. कालपर्यंत हसतखेळत असलेले मूल एकाएकी कोपरा धरून बसू लागते. अशा मुलांना ‘खोडकर’, ‘घुमी’, ‘आळशी’ अशी विशेषणे लावून मोकळे होण्याची जुनी रीत आहे. अलीकडे तिच्या जोडीला दुसरी रीत आली आहे. मोबाइलवर वाचलेल्या चार ओळींच्या आधारे ‘हिला डिप्रेशन आहे’, ‘हा एडीएचडीचा मुलगा आहे’ असे शिक्षक व पालक परस्पर ठरवून टाकतात. पहिल्या रीतीने आजारी मुलास शिक्षा होते. दुसरीने निरोगी मुलाच्या कपाळी आजाराचा शिक्का बसतो. मनोविकाराचे नाव घेण्यापूर्वी डॉक्टर काय काय पडताळून पाहतात, हे शिक्षकास ठाऊक असेल, तर या दोन्ही चुका टळतील आणि त्याने ठेवलेली नोंद उपचाराच्या कामी येईल.

१. निकष कशासाठी?

ताप मोजण्यास तापमापी आहे. हिवतापाची खात्री रक्ताच्या तपासणीने होते. औदासीन्य, चिंता यांसारख्या मनोविकारांची खात्री पटविणारी अशी रक्ताची किंवा क्ष-किरणांची तपासणी नाही. त्यांचे निदान मुलाच्या वर्तनाच्या, बोलण्याच्या व दिनक्रमाच्या हकीकतीवरून करावे लागते. एकच हकीकत ऐकून दहा डॉक्टरांनी दहा नावे देऊ नयेत, म्हणून निकष लेखी ठरविण्यात आले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०१९ साली संमत झाली व १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेची निदानपुस्तिकाही अनेक देशांत वापरली जाते. तिची पाचवी आवृत्ती २०१३ साली व त्याच आवृत्तीचा सुधारित पाठ २०२२ साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडील २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमानेही मानसिक आजार ठरविताना मान्यताप्राप्त वैद्यकीय मानकेच वापरावीत, असे बंधन घातले आहे. समाजाच्या रूढीशी एखाद्याचे वागणे जुळत नाही, एवढ्यावरून त्यास मनोरुग्ण ठरविता येत नाही.

२. चार प्रश्न

या निकषांचा तपशील विकारागणिक वेगळा असला, तरी सर्वांच्या मुळाशी चार प्रश्न आढळतात.

पहिला प्रश्न काळाचा. आजी वारली म्हणून नात आठवडाभर खिन्न राहिली, तर तो आजार नव्हे, ती माया होय. औदासीन्य-विकाराचा विचार करण्यासाठी लक्षणे किमान २ आठवडे, जवळजवळ रोज व दिवसाचा बहुतेक भाग टिकलेली असावी लागतात. सर्वसाधारण चिंताविकारास ६ महिन्यांची मर्यादा आहे.

दुसरा प्रश्न व्याप्तीचा. मूल एकाच ठिकाणी तसे वागते की सर्वत्र? केवळ गणिताच्या तासाला चुळबुळ करणाऱ्या मुलाची अडचण बहुधा गणितात असते. घरी, शाळेत, मैदानावर असे एकाहून अधिक ठिकाणी लक्षण दिसले, तरच अतिचंचलतेच्या विकाराचा विचार होतो.

तिसरा प्रश्न अडथळ्याचा. लक्षणामुळे शिकणे, खेळणे, जेवणे, झोपणे, मैत्री यांत बाधा येते काय? अबोल असूनही जे मूल अभ्यासात रमते व एकदोन सोबत्यांशी खेळते, त्याचा तो स्वभाव होय.

चौथा प्रश्न अन्य कारणाचा. फळ्यावरचे दिसत नाही, कानाने कमी ऐकू येते, रक्त कमी आहे, झोप पुरत नाही, सकाळपासून पोटात अन्न नाही, अशा कारणांनीही मुलाचे लक्ष उडते. बोलता बोलता काही सेकंद शून्यात पाहणारे व हाक मारूनही भानावर न येणारे मूल अपस्माराच्या एका सौम्य दिसणाऱ्या प्रकाराने आजारी असू शकते. त्याला ‘लक्ष कोठे आहे?’ म्हणून रागावणे अन्यायाचे ठरते. ऊसतोडीसाठी आईबापांबरोबर गेलेले मूल काही महिन्यांनी वर्गात परतते व भांबावते, तेव्हा त्यास बुडालेला अभ्यास हवा असतो, आजाराचे नाव नव्हे.

या चारही प्रश्नांत वयाचे भान ठेवावे. उदाहरणार्थ, अंथरूण ओले करणे हा विकार म्हणण्यास मुलाचे वय किमान ५ वर्षे असावे लागते.

३. शाळेत आढळणारे काही विकार

औदासीन्य : याची नऊ लक्षणे सांगितली आहेत : उदास मन, आवडत्या गोष्टींतील रस जाणे, भूक वा वजन यांत बदल, झोप उडणे किंवा अति झोप, हालचाल मंदावणे किंवा अस्वस्थपणा, थकवा, आपण निरुपयोगी वा अपराधी आहोत असे वाटणे, चित्त एकाग्र न होणे, आणि मरणाचे विचार. अमेरिकन पुस्तिकेप्रमाणे यांपैकी किमान पाच लक्षणे असावी लागतात व त्यांत पहिल्या दोहोंपैकी एक तरी असलेच पाहिजे. मुलांच्या बाबतीत एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. उदासपणाऐवजी त्यांच्यात चिडचिड दिसू शकते. एरवी सालस असलेला मुलगा तीन आठवड्यांपासून शब्दाशब्दाला भडकत असेल, तर ‘उद्धट झाला’ म्हणण्यापूर्वी थांबून पाहावे.

चिंता : काही मुलांना आईपासून दूर होण्याचे अतोनात भय वाटते. शाळेची वेळ झाली की पोट दुखते, उलटी होते, आणि सुटीच्या दिवशी मात्र काहीच होत नाही. हे दुखणे ढोंग नसते; भयाने पोट खरोखरच दुखते. मुलांत हे भय किमान ४ आठवडे टिकले व शाळा बुडू लागली, तर ते तज्ज्ञांपर्यंत नेण्याजोगे समजावे. सर्वसाधारण चिंताविकारात काळजी एका विषयाची नसते; परीक्षा, आजार, घरची भांडणे, उद्याचा पाऊस अशा अनेक गोष्टींची असते व ती आवरू म्हणता आवरत नाही.

अवधानन्यूनता व अतिचंचलता : यात अवधानाची नऊ व चंचलतेची नऊ लक्षणे असून मुलांमध्ये कोणत्याही एका गटातील किमान सहा लक्षणे ६ महिने असावी लागतात. त्यांपैकी काही वयाच्या बाराव्या वर्षापूर्वी दिसलेली असली पाहिजेत. धावपळ करणारा मुलगा शिक्षकाच्या नजरेत लगेच भरतो. परंतु केवळ अवधान कमी असलेले मूल, विशेषतः शांत बसणारी मुलगी, वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. तिची वही अपुरी राहते, वस्तू हरवतात, आणि तिच्या वाट्याला ‘वेंधळी’ हे नाव येते.

निवडक मूकता : घरी मोकळेपणी बोलणारे मूल शाळेत मात्र बोलूच शकत नाही. हा हट्ट नव्हे. भीतीने त्याची वाचा बसलेली असते. निदानासाठी किमान १ महिन्याचा काळ लागतो व शाळेतील पहिला महिना त्यात धरत नाहीत, कारण नव्या जागी अनेक मुले गप्प असतात. शाळेची भाषा येत नसल्यामुळे गप्प असलेले मूलही या विकारात मोडत नाही. मेळघाटातील कोरकू, गडचिरोलीतील गोंडी किंवा सातपुड्यातील पावरी बोलणाऱ्या मुलाच्या मौनाचा अर्थ लावण्यापूर्वी शिक्षकाने त्याच्या भाषेतील चार शब्द बोलून पाहावेत. पुष्कळदा तेवढ्यानेच कुलूप उघडते.

४. जेथे थांबू नये

वर सांगितलेल्या काळाच्या मर्यादा निदानासाठी आहेत, मदतीसाठी नव्हेत. मुलाने मरणाची भाषा केली, स्वतःस इजा केली, किंवा नसलेले आवाज ऐकू येतात असे सांगितले, तर २ आठवडे मोजत बसू नये. त्याच दिवशी पालकांना बोलवावे व तोवर मुलास एकटे सोडू नये. मरणाचा विचार मनात येतो काय, असे मायेने विचारल्याने तो विचार नव्याने मुलाच्या मनात शिरत नाही. उलट त्याचे ओझे हलके होते. वर्तनातील बदलामागे लैंगिक अत्याचाराची शंका आल्यास २०१२ च्या बालक संरक्षण अधिनियमानुसार पोलिसांस कळविणे बंधनकारक आहे. तेथे चौकशी शिक्षकाने स्वतः करू नये. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे.

५. नोंद कशी असावी?

शिक्षक मुलास दिवसाचे पाच-सहा तास, समवयस्कांच्या सहवासात पाहतो. दवाखान्यातील अल्पशा भेटीत डॉक्टरांना जे दिसत नाही, ते त्याच्या वहीत असू शकते. मात्र नोंद पाहिलेल्या गोष्टीची असावी, मताची नसावी. ‘मुलगी निराश दिसते’ ही नोंद फारशी उपयोगाची नाही. ‘गेल्या पंधरा शालेय दिवसांपैकी दहा दिवस पोषण आहार अर्धा टाकला, पूर्वी रोज खो-खो खेळे, आता हाक मारली तरी जात नाही, चार वेळा बाकावर झोप लागली, आई म्हणते, रात्री जागी असते’ ही नोंद उपयोगाची आहे. तीत काळ, व्याप्ती व अडथळा ही तिन्ही आली आहेत. नोंदीत आजाराचे नाव लिहू नये. ती वही कुलपात ठेवावी. शिक्षककक्षात वाचून दाखवू नये. एकदा गावात नाव पसरले, की ते पुसणे कोणाच्याही हाती राहत नाही.

६. पुढे काय करावे?

पालकांशी एकांतात बोलावे. ‘तुमच्या मुलास मनोविकार आहे’ असे न म्हणता, काय पाहिले ते सांगावे व घरी काय दिसते ते विचारावे. काही पालक बाहेरची बाधा, नजर असे म्हणतील. त्यांचा उपहास करू नये. डॉक्टरांना एकदा दाखविण्यास त्यांचे मन वळवावे. परंतु भूत उतरविण्याच्या नावाखाली मुलास मारहाण होत असेल, तर तो महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी अधिनियमाप्रमाणे गुन्हा आहे, हे स्पष्ट सांगावे.

प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्रात दृष्टी, श्रवण व रक्त यांची तपासणी करवावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, तेव्हा नोंदीसह मूल त्यांच्यापुढे न्यावे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ साली देशात सुरू झाला. त्याखालील सेवा जिल्हा रुग्णालयात मिळते. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य मिळते व शिक्षकही तेथे सल्ला विचारू शकतो.

निदान होईपर्यंत वर्गातील साहाय्य थांबता कामा नये. चंचल मुलास पुढे बसवून काम लहान तुकड्यांत द्यावे. न बोलणाऱ्या मुलास खुणेने अथवा पाटीवर लिहून उत्तर देऊ द्यावे. शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ ने मनाई आहेच; आजारी मुलाच्या बाबतीत त्यांनी आजार बळावण्याचाच धोका असतो.

सारांश, निदान करणे हे डॉक्टरांचे काम आहे. पाहणे, लिहिणे व वेळेवर पोहोचविणे हे शिक्षकाचे. त्याने आपले काम चोख केले, तर एखाद्या मुलाची वर्षे वाया जाण्याचे टळते.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वर्गातील ज्या मुलास एखादे विशेषण चिकटले आहे, त्याचे नाव न सांगता चार प्रश्नांची उत्तरे लिहा. विशेषण टिकते काय?

२. ‘मुलगा ऐकत नाही’ या वाक्याऐवजी, पाहिलेल्या गोष्टींची पाच वाक्ये लिहा.

३. दोन आठवड्यांची वाट कोणत्या परिस्थितीत पाहू नये? कारणांसह सांगा.