घरपट्टी जास्त लागली तर

गावात घरपट्टीची आकारणी यादी लागली. आमची पट्टी फारच वाढली होती. आम्ही ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा उतारा घेतला. आमचे घर २० फूट लांब, १५ फूट रुंद. म्हणजे ३०० चौरस फूट. उताऱ्यात लिहिले होते ४००! मातीच्या भिंतीही पक्क्या विटांच्या लिहिल्या होत्या.

आम्ही मुदतीच्या आत लेखी हरकत दिली. नकलेवर पोच घेतली. पंचांनी येऊन टेप लावला. चूक दुरुस्त झाली.

तिथे दाद लागली नाही, तर पंचायत समितीकडे अपील करता येते.

पारावर कुरकुर करून पट्टी कमी होत नाही. बाबांनो, आता वाचता येते ना? मग उतारा वाचा, घर मोजा, पोच जपून ठेवा.