जपानला मुलं घेऊन जाताना

पुणे

चि. मृणाल,



नववीच्या मुलांना दिवाळीच्या सुट्टीत जपानला न्यायचं शाळेनं ठरवलं आणि ती जबाबदारी तुझ्याकडे दिली, हे कळल्यापासून मला फार आनंद झाला आहे. तयारीला सुरुवात कुठून करू, असं तू विचारलंस. तिकिटांपासून करू नकोस, सामानाच्या यादीपासून तर मुळीच नको. जी मुलं येणार नाहीत त्यांच्यापासून कर.

वर्गातली थोडीच मुलं जातील, बाकीची पुढचे चार महिने नुसती ऐकत राहतील. साताऱ्यासारख्या गावात आईची पाटली मोडून किंवा पतसंस्थेचं कर्ज काढून मुलाला पाठवणारे आईबाप निघतात, कारण ‘सगळे चाललेत’ असं मूल घरी येऊन सांगतं. म्हणून पहिल्याच पत्रात स्वच्छ लिही, की ही सहल अभ्यासक्रमाचा भाग नाही आणि न गेल्यानं मुलाचं शाळेतलं काहीही अडणार नाही. वर्गात हात वर करायला लावू नकोस. पैसे मुलांच्या हातून घेऊ नकोस, हप्ता थकल्याचा निरोप मुलाच्या वहीत देऊ नकोस. एखादं घर कर्ज काढतं आहे असं कानावर आलं तर तू स्वतः जाऊन त्यांना थांबव. पैशांचा पूर्ण हिशेब आधीच दे. परदेशी सहलीच्या रकमेवर टीसीएस हा कर लागतो आणि तो विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, हे अनेक पालकांना माहीत नसतं, तेही सांग.

आणि जपानचा अभ्यास सगळ्या वर्गाचा होऊ दे. तो कसा, ते पुढे लिहिते.

पालकसभा घेशीलच, पण सभेत खरं कुणी बोलत नाही. प्रत्येक घराशी वेगळं बोल, दार लावून, मूल समोर नसताना. दम्याचा त्रास, लहानपणी आलेली फीट, झोपेत चालणं, अजूनही कधीतरी ओलं होणारं अंथरूण, नुकतंच घरात झालेलं दुःख, या गोष्टी आईवडील लपवतात. मुलाला नेणार नाहीत ही एक भीती आणि गावभर होईल ही दुसरी. तुला आधी या दोन्ही भीती काढाव्या लागतील. सांगितल्यामुळे मूल वगळलं जाणार नाही आणि ही गोष्ट तुझ्या व बरोबरच्या शिक्षकांच्या पलीकडे जाणार नाही, हा शब्द दे आणि पाळ. विम्याचंही समजावून सांग. आधीपासूनचा आजार लपवला तर ऐन वेळी विमा कंपनी दावा नाकारू शकते आणि परदेशातल्या हॉस्पिटलचं बिल घरावर येतं.

औषधांच्या बाबतीत कडक राहा. आपल्याकडच्या आया प्रेमानं गोळ्यांचा डबा भरून देतात. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं आणि खोकल्याच्या काही औषधांत कोडीन. या दोन्हींवर जपानात बंधनं आहेत. अँफेटामिनची औषधं तर डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी नेता येत नाहीत. डॉक्टरांनी लिहून दिलेली नेहमीची औषधं साधारण महिनाभराची चालतात, त्याहून जास्त लागणार असतील तर आधी परवानगी काढावी लागते. म्हणून प्रत्येक मुलाच्या औषधांची यादी, त्यांतल्या घटकांच्या नावांसकट, दोन महिने आधी मागव आणि गावातल्या एखाद्या डॉक्टरांकडून तपासून घे. औषधं मूळ वेष्टनातच राहू देत, पुडीत नकोत.

पासपोर्टचं काम आजच सुरू कर. अज्ञान मुलाच्या पासपोर्टला आईवडील दोघांच्या सह्यांचं संमतिपत्र लागतं. वडील सोडून गेलेत, किंवा खटला चालू आहे, अशा घरात एकट्या आईला वेगळं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. अशी आई शाळेत विचारायला संकोचते आणि मुदत निघून जाते. तिला तूच आधी गाठ. दुसरी अडचण नावाची. जन्मदाखल्यावर नुसतं नाव, शाळेच्या दाखल्यावर वडिलांच्या नावासकट, आधारवर स्पेलिंग तिसरंच. तिकीट काढायच्या आधी सगळे कागद एकमेकांशी जुळवून बघ. तिकिटावर पासपोर्टातलं नाव अक्षरन् अक्षर तसंच हवं.

आता मुलांची तयारी. आपल्या घरांतली चौदा वर्षांची मुलं, विशेषतः मुलगे, हुशार असतात, पण स्वतःचा टॉवेल कुठे आहे हे त्यांना आईला विचारावं लागतं. गणपती झाले की पालकांना एक महिन्याचा नियम घालून दे. मुलानं गजर लावून स्वतः उठायचं, आपले आतले कपडे स्वतः धुवायचे, बॅग स्वतः भरायची, पानात पडेल ते खायचं. आईनं बॅग भरली तर मुलाला हॉटेलात स्वतःची चड्डी सापडत नाही आणि शिक्षकांची सकाळ त्यात जाते. मुलींशी पाळीबद्दल एखाद्या बाईंनी मोकळेपणानं बोलायला हवं. तारखा, प्रवासातली सोय, दुखलं तर काय करायचं, हे सगळं आधी ठरलेलं असलं की मुली निर्धास्त राहतात.

बॅग लहान हवी. टोकियोहून हिरोशिमाच्या दिशेनं जाणाऱ्या शिनकान्सेनमध्ये लांबी, रुंदी, उंची मिळून 160 सेंटिमीटरहून मोठ्या बॅगेसाठी खास जागा आरक्षित करावी लागते. आणि ही गाडी मधल्या स्टेशनांवर मिनिट-दोन मिनिटंच थांबते. तेवढ्यात तीस मुलं आणि तीस बॅगा चढवायच्या म्हणजे सराव लागतो. शाळेच्या तिसऱ्या मजल्यावर प्रत्येकाला आपली बॅग उचलून न्यायला लाव. ज्याला जमणार नाही त्याची बॅग हलकी कर. पाच-पाचांचे गट पाड, प्रत्येक मुलाला क्रमांक दे. मोजणी मुलांनीच जपानीत म्हणायची, इची, नी, सान, योन, गो. दोन दिवसांत पाठ होतं आणि मुलांना त्याची गोडी लागते.

या सगळ्याची रंगीत तालीम पुण्यात कर. एक दिवस सगळ्यांना इथे घेऊन ये आणि सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात ने. ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर ती बाग केली आहे. मूळ कोराकुएन 1700 साली पूर्ण झाली. हिरोशिमाला जाताना ओकायामा वाटेवरच लागतं, तेव्हा तिथे अर्धा दिवस उतरा. पुण्यात पाहिलेला पूल आणि तळं मूळ जागी पाहताना मुलं आपणहून तुलना करतील, तुला शिकवावं लागणार नाही. या तालमीच्या दिवशी न येणारी मुलंसुद्धा बरोबर असू देत. आणि त्या दिवशी कुणाचाही पालक सोबत नको.

जेवणाचं वाटतं त्याहून अवघड आहे. तिथल्या बऱ्याच रश्शांमध्ये आणि मिसो सूपमध्ये सुकवलेल्या माशाचा अर्क असतो, ताटात मासा दिसत नसला तरी. म्हणून ‘शाकाहारी’ एवढ्यानं भागत नाही. मांस नको, मासा नको, माशाचा अर्क नको, अंडं नको, असं जपानीत लिहिलेलं कार्ड प्रत्येक शाकाहारी मुलाच्या खिशात हवं. जैन मुलांच्या घरी आधी जाऊन बस, त्यांनी काय सोडायचं आणि काय नाही हे त्यांच्या आजीसमोर ठरू दे, म्हणजे मुलाच्या मनावर ओझं राहत नाही. क्योतोच्या काही देवळांत पूर्ण शाकाहारी जेवण मिळतं, एक दिवस ते मुद्दाम ठेव. दिवाळीचा फराळ न्यायला हरकत नाही. पण सीताफळं, पेरू, ताजा कढीपत्ता पिशवीत नको, ताजी फळं-भाजी प्रमाणपत्राशिवाय आत नेता येत नाही. मांस असलेलं काहीही, अगदी पाकिटबंद असलं तरी, नको.

भाऊबीज करूनच निघा. दिवाळीत मूल घरात नाही ही रुखरुख आईवडिलांना कशाला? आणि उन्हाळी सुट्टीचा पर्याय कुणी सुचवला तर एप्रिलअखेर ते मेचा पहिला आठवडा टाळ. त्या दिवसांत जपानला सुट्ट्यांची रांग असते, गाड्या भरलेल्या आणि शाळा बंद असतात. शाळा बघणं तर व्हायलाच हवं. तिथे मुलं आपले वर्ग स्वतः झाडतात, पुसतात आणि एकमेकांना जेवण वाढतात. आपल्या मुलांनी ते नुसतं बघू नये, त्यांच्याबरोबर फडकं हातात घ्यावं. तिथल्या मुलांचे फोटो मात्र विचारल्याशिवाय काढायचे नाहीत, हे निघायच्या आधी पक्कं सांगून ठेव.

भूकंपाची भीती पालक नक्की काढतील. ती उडवून लावू नकोस. साताऱ्याच्या घराघरांत 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप आठवणारी माणसं अजून आहेत. मुलांना घरी जाऊन आजी-आजोबांना विचारायला सांग. मग जपानात काय करतात ते शिकव. फोनवर इशारा वाजला की टेबलाखाली शिरायचं, डोकं झाकायचं, हादरा थांबेपर्यंत बाहेर धावायचं नाही. शाळेत तसं करून घे. हरवल्यावर काय करायचं तेही असंच करून घे. जागेवर थांबायचं, हॉटेलचा पत्ता जपानीत लिहिलेलं कार्ड स्टेशनच्या माणसाला किंवा चौकीतल्या पोलिसाला दाखवायचं. पोलिसांचा क्रमांक 110, रुग्णवाहिकेचा 119. टोकियोतला आपला दूतावास आणि ओसाकातला वाणिज्य दूतावास, दोन्हींचे क्रमांक तुझ्याकडे आणि मुख्याध्यापकांकडे लिहिलेले असू देत.

आता हिरोशिमा. इथे मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण याची तयारी कुणी करून घेत नाही आणि मग मुलं तिथल्या अणुबॉम्बच्या संग्रहालयात एकदम जाऊन आदळतात.

6 ऑगस्ट 1945, सकाळी सव्वाआठला अणुबॉम्ब पडला. त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत सुमारे 1,40,000 माणसं गेली. हा आकडा मुलांना पाठ असतो. पण संग्रहालयात त्यांच्यासमोर एक जळालेला जेवणाचा डबा येतो, आतलं अन्न कोळसा झालेलं. तो शिगेरु ओरिमेन या तेरा वर्षांच्या मुलाचा. तीन वर्षांच्या शिनिची तेत्सुतानीची गंजलेली तिचाकी सायकल येते. तुझ्या मुलांच्या वयाचा मुलगा आणि त्यांच्या घरातल्या धाकट्या भावंडाएवढं पोर. काही मुलं रडतील, एखाद्याला मळमळेल आणि एखादा अवघडून हसेल. हसणाऱ्याला तिथे रागावू नकोस. जायच्या आधी वर्गात हे सगळं नावानिशी सांग. ज्याला आत जायचं नाही त्यानं एका शिक्षकाबरोबर बाहेर नदीकाठी बसावं, त्यात कमीपणा नाही. त्या दिवशी दुसरा कोणताही कार्यक्रम ठेवू नकोस, खरेदी तर नाहीच. संध्याकाळी सगळ्यांना गोल बसव आणि ज्याला बोलायचं आहे त्याला बोलू दे.

सादाको सासाकीची गोष्ट अनेकांनी वाचलेली असते. बॉम्ब पडला तेव्हा ती दोन वर्षांची होती, 25 ऑक्टोबर 1955 ला रक्ताच्या कर्करोगानं गेली, बारा वर्षांची. बरं होण्याच्या आशेनं ती कागदाचे क्रौंच करत होती. हजार पुरे होण्याआधीच, 644 वर ती थांबली असं गाजलेल्या पुस्तकात आहे, पण तिच्या भावानं सांगितल्याप्रमाणे तिनं हजाराहून जास्त केले होते. हे मुलांना खरं तेच सांग. हजार पुरे होऊनही ती वाचली नाही, हे चौदा वर्षांच्या मुलाला पेलतं. तिच्या वर्गातल्या मुलांनी पुढाकार घेतला, देशभरच्या शाळांतून पैसे जमले आणि 1958 साली हिरोशिमाच्या शांतता उद्यानात मुलांचं स्मारक उभं राहिलं. त्याभोवती काचेच्या कपाटांत जगभरातून आलेल्या क्रौंचांच्या माळा असतात. तुझ्या सगळ्या वर्गानं क्रौंच करावेत, जाणाऱ्यांनी आणि न जाणाऱ्यांनी. एकाच दोऱ्यात ओवायचे, कुणाचा कुठला ते लिहायचं नाही.

पण गोष्ट तेवढ्यावर थांबवू नकोस. अंदमान 1942 ते 1945 जपानी लष्कराच्या ताब्यात होतं आणि तिथल्या आपल्या माणसांचे अतोनात हाल झाले. हिरोशिमातही मजुरीसाठी आणलेले हजारो कोरियन होरपळले, त्यांचं वेगळं स्मारक त्याच उद्यानात आहे. तिथेही मुलांना उभं कर. एका देशाच्या लष्करानं केलेला अन्याय आणि त्याच देशातल्या मुलांवर झालेला अन्याय, दोन्ही मनात धरायला मुलांना शिकवता येतं. सहलीवर एवढा खर्च करायचा तो यासाठी, असं मला मनापासून वाटतं.

राहता राहिले पालक. मुलांचे फोन तुझ्याकडे ठेव, संध्याकाळी अर्धा तास दे. रोज जपानच्या रात्री नऊला, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला, पालकांच्या गटावर तुझा एकच निरोप जाईल, एवढंच कबूल कर. मधल्या वेळात निरोप नाही म्हणजे सगळं ठीक, हे सभेत दोनदा सांग. काही झालंच तर त्या घरी आधी थेट फोन जाईल, गटावर नाही. मुलाचा रडका आवाज ऐकून आई-वडिलांनी कासावीस होऊन त्याला आणखी रडवू नये, म्हणून पालकांनाही सराव दे. तालमीच्या दिवशी पुण्यातून एकही फोन करू देऊ नकोस. खर्चायचे पैसे सगळ्यांना सारखे ठरव आणि नातेवाइकांच्या वस्तूंच्या याद्या आणायच्या नाहीत असं लेखी कळव.

शिक्षक किमान तीन हवेत, मुलं वीस असली तरी. एक मूल हॉस्पिटलमध्ये राहिलं तर त्याच्यापाशी एक जण अडकतो, उरलेल्यांना एकट्या माणसानं सांभाळणं बरोबर नाही. संस्थेनं खर्च वाचवायला दोघांवर भागवायचं म्हटलं तर सहल पुढे ढकल. या एका बाबतीत कुणाचंही ऐकू नकोस.

आरोग्याच्या माहितीच्या अर्जाचा मसुदा मला पाठव, मी वाचून दुरुस्त्या सुचवते. पालकसभा शनिवारी ठेवलीस तर मीही येईन, आणि सभेनंतर ज्या आयांना तुझ्याशी बोलायला अवघड वाटेल त्यांच्याशी मी बसेन. ताईला आणि तुझ्या बाबांना नमस्कार सांग.

तुझी,
मावशी