गर्भाशयमुखाचा कर्करोग : गावाकडे कोणती तपासणी उपयोगी?



गावाकडच्या आरोग्य शिबिरांसाठी आपण मदत पाठवतो. त्यांत ‘महिलांची कर्करोग तपासणी’ असेल, तर तपासणी कोणती आणि दोष आढळल्यावर पुढे काय, हे आधी विचारावे.

हा कर्करोग जवळजवळ नेहमी एचपीव्ही विषाणूच्या दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गातून होतो. त्याला सहसा १५ ते २० वर्षे लागतात. या काळात पेशींतला बदल सापडला, तर छोट्या उपचाराने रोग टळतो. त्यासाठी तीन तपासण्या आहेत.

१. पॅप तपासणी : पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. त्यासाठी प्रयोगशाळा व जाणकार तंत्रज्ञ लागतात. अहवाल उशिरा येतो, तोवर बाई पुन्हा येईलच असे नाही.

२. व्हीआयए : गर्भाशयमुखाला पातळ ॲसिटिक आम्ल लावून मिनिटभराने पाहतात. पांढरा चट्टा उठला तर संशय. खर्च अगदी कमी, निकाल लगेच. परंतु सारे तपासणारीच्या नजरेवर अवलंबून, आणि पाळी गेलेल्या स्त्रियांत ही पद्धत भरवशाची नाही.

३. एचपीव्ही तपासणी : विषाणूच शोधतात. नमुना स्त्री स्वतःही घेऊ शकते. निर्दोष निकाल अनेक वर्षे दिलासा देतो. खर्च मात्र जास्त.

या तिन्हींची तुलना आपल्याच महाराष्ट्रात झाली. उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे चार गट केले. तीन गटांत एकेक तपासणी एकदाच देऊ केली, चौथ्यात नेहमीचीच व्यवस्था ठेवली. आठ वर्षांत या चौथ्या गटात या रोगाने ६४ स्त्रिया दगावल्या, एचपीव्ही गटात ३४. पॅप व व्हीआयए गटांत मृत्यू लक्षणीय घटले नाहीत.

मग व्हीआयए टाकाऊ का? नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, चार वेळा व्हीआयए केली. तिथे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. म्हणजे स्वस्त तपासणी एकदा करून भागत नाही, ती नेमाने करावी लागते.

जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून एचपीव्ही तपासणीला पहिली पसंती देते : सर्वसाधारण स्त्रियांसाठी तिशीपासून, दर ५ ते १० वर्षांनी.

म्हणून देणगीपूर्वी तीन प्रश्न विचारा. एचपीव्ही तपासणी शक्य आहे का? व्हीआयए असेल तर पुढची फेरी कधी? दोष आढळलेल्या बाईवर उपचार कुठे, कधी व कोणाच्या खर्चाने? तिसऱ्याचे उत्तर नसेल तर शिबिरातून बाईच्या हाती फक्त काळजी पडते. अशा वेळी आपला निधी आधी उपचार आणि प्रवासखर्चासाठी द्यावा.

आणि भगिनींनो, इथे इंग्लंडमध्ये २५ ते ६४ वयाच्या स्त्रियांना हीच एचपीव्ही तपासणी मोफत मिळते. सर्जरीकडून आलेले पत्र संकोचाने बाजूला ठेवू नका. पाळी नसताना किंवा संबंधानंतर रक्तस्राव झाला, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर पत्राची वाट न पाहता डॉक्टरांना भेटा. गावी फोन कराल तेव्हा वहिनीला, मावशीलाही हे जरूर सांगा.